प्राध्यापकांची पीएचडी बघून कुणी प्रवेश घेतं का?

खडूफळा

मंडळी, तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. कला आणि वाणिज्य जुनं, विज्ञान नंतर आलेलं. यंदा प्रवेश समितीवर नेमणूक झाली आहे. परवा माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठ आणि चौकात लावायच्या फ्लेक्सचा मजकूर ठरवायला बैठक होती. प्राचार्यांचं म्हणणं एकच, 'उच्चविद्याविभूषित, पीएचडीधारक प्राध्यापकवृंद' ही ओळ सगळ्यात वर हवी आणि तीही लाल अक्षरात. शिवाय ज्यांचं यंदा 'कॅस'मधून, म्हणजे सेवेतल्या बढतीच्या योजनेतून, प्रमोशन झालं त्यांचे फोटो.

मी विचारलं, "सर, हे वाचून कोण येणार?" बैठक थंड.

प्रवेशाच्या टेबलावर मला प्रत्यक्षात काय विचारलं जातं ते सांगतो. "सर, पोरीची एसटी साडेसहाची आहे, पहिला तास कितीला?" "महाडीबीटीचे पैसे येईपर्यंत फी थांबवता का?" "पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय, हजेरीचं कसं?" आणि हमखास येणारा प्रश्न, "पलीकडच्या कॉलेजात बीसीए आहे, तुमच्याकडे का नाही?" अर्थशास्त्र कोण शिकवतं, त्यांची पात्रता काय, ते सहायक आहेत की सहयोगी, हे आजवर एकाही पालकाने विचारलेलं नाही. सहायकाचा सहयोगी झाला की स्टाफरूममध्ये पेढे वाटले जातात. वर्गात कुणाच्या गावीही नसतं.

तर प्रश्न असा: प्राध्यापकाची पात्रता आणि बढती यांचा मुलांच्या प्रवेशाशी खरंच काही संबंध असतो का? का आपणच आपली समजूत घालून घेतोय? अनुभव असतील तर लिहा. 'पूर्वीचे सर कसे होते' छापाचं स्मरणरंजन मर्यादेत ठेवावं ही विनंती.

टाकीवरचा_कावळा

पहिला मी! बीकॉमला प्रवेश घेताना मी कॉलेजचं मैदान आणि कॅन्टीन पाहिलं होतं. दोन्ही उत्तम निघाली. बाकी चालू द्या.

रेवतीची_आई

गेल्या वर्षी लेकीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशात हे सगळं केलं, म्हणून लिहिते. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरताना घरी कागदावर रकाने आखले होते. मागच्या वर्षीचा कटऑफ, कॉम्प्युटर मिळतंय का, प्लेसमेंट, घरापासूनचं अंतर. 'शिक्षक' असा रकाना यजमानांनी सुचवला आणि मीच खोडला, कारण त्यात भरायला काही मिळेना.

मिळेना म्हणजे माहिती असते. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर फॅकल्टीची यादी असते. पण एका कॉलेजच्या यादीत निम्म्या नावांपुढे 'पीएचडी (पर्स्यूइंग)', आणि हे पर्स्यूइंग कधीपासून चाललंय ते कुठेच नाही. शेजारचा मुलगा तिथेच तिसऱ्या वर्षाला होता. त्याला यादी दाखवली तर म्हणाला, "काकू, यातले हे दोघं केव्हाच सोडून गेले, आणि या मॅडमना मी कधी पाहिलंच नाही." वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा हा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, दंडक, त्यामुळे यादी भरलेली दिसावी लागते. ती वर्गात किती दिसते हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही.

माझ्या मते पालकाला पदवीपेक्षा हे कळायला हवं की शिकवणारा माणूस चार वर्षं तिथे टिकणार आहे का. पण ते कोण छापेल?

खडूफळा

@रेवतीची_आई, शेवटचं वाक्य फ्लेक्सवर घ्यायला सांगतो. नोकरी गेली तर धाग्यावर कळवीन.

पेन्शनर_मास्तर

धागाकर्त्याने स्मरणरंजनाला मर्यादा घातली आहे, म्हणून फक्त इतिहास सांगतो.

१९ सप्टेंबर १९९१ पासून अध्यापकाला नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही पात्रता परीक्षा बंधनकारक झाली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठाने घ्यायला सुरुवात केली १९९५ मध्ये. मधल्या काळात जागा तर भरायच्या होत्या, म्हणून हजारो जण बिगर नेट-सेट लागले आणि पुढे वीसेक वर्षं त्यांच्या सेवेचा प्रश्न लोंबकळत राहिला. २०१३ मध्ये प्राध्यापकांचा परीक्षांवर बहिष्कार पडला त्याचं एक मोठं कारण तेच. पेपर तपासायचे पडून होते, निकाल लांबले, मुलं हवालदिल. वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती. त्यानंतरच्या जूनमध्ये मी प्रवेशाच्या खिडकीशी बसलो होतो. एकाही मुलाने 'तुमच्यातले बिगर-नेट कोण' असं विचारलं नाही.

त्याआधी, २०१० मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, भरती-बढतीसाठी गुण मोजायचा एपीआय आणला. चर्चासत्राला गुण, शोधनिबंधाला गुण, समितीवर बसलात तरी गुण. ज्यांनी कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या त्यांचे निबंध धडाधड छापून येऊ लागले. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं पेवच फुटलं. ते आवरायला २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत म्हटलं होतं की विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायला १ जुलै २०२१ पासून पीएचडी अनिवार्य. ती तारीख २०२३ पर्यंत पुढे गेली आणि ३० जून २०२३ च्या अधिसूचनेने सांगितलं की नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक.

एवढे नियम फिरले, पण आमच्या कॉलेजचे प्रवेश त्यांनी हलल्याचं मी तरी पाहिलं नाही. ते हलायचे शेजारच्या गावात नवं विनाअनुदानित निघालं की, किंवा बारावीचा निकाल वर-खाली झाला की.

तासिकावाला

आता माझं ऐका. सेट आहे, पीएचडी आहे, वय बेचाळीस. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. एका पदाचा कार्यभार दोघांत वाटून दिलेला, तास भरला तर पैसे, दिवाळी-उन्हाळ्यात शून्य, आणि मानधनाचं बिल कधी निघेल ते देवाला ठाऊक. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाइल.

गंमत अशी की आमच्या कॉलेजच्या पुस्तिकेत 'पीएचडीधारक प्राध्यापक' म्हणून जो आकडा छापलाय त्यात मी मोजलेलो आहे. पगाराच्या पत्रकात मात्र नाही. कायम असलेल्या सरांना कॅसमध्ये पुढची पायरी मिळाली, चांगलं झालं, त्यांनी फाइलीमागे चपला झिजवल्या होत्या. पण मला पायरीच नाही, तर चढणार कुठे?

आणि मुलं कुणाच्या तासाला बसतात म्हणाल, तर ते तुम्ही येऊन बघा.

टाकीवरचा_कावळा

@तासिकावाला, दंडवत. यावर विनोद सुचत नाही.

मांजरा_काठची

मी लातूरची. इथे चित्र एकदम उलटं आहे. आमच्याकडे परभणी, नांदेड, बीड, पार सोलापूरपासून पोरं अकरावीला येतात ती शिक्षकाच्या नावावर. फिजिक्स अमुक सर, बायोलॉजी तमुक सर. चौकातल्या फ्लेक्सवर मास्तरांचा फोटो पुढाऱ्यांपेक्षा मोठा. एखादा सर एक क्लास सोडून दुसरीकडे गेला तर त्याच्यामागे बॅच जाते, आणि त्याची खबर निकालाआधी गावभर होते.

यातल्या कुणाची पीएचडी आहे का? कुणी विचारत नाही. नीटला किती लागले, एवढंच.

म्हणजे पोराला नि बापाला शिक्षकाचं महत्त्व कळत नाही असं अजिबात नाही. चांगलं कळतं! फक्त शिकवण्याचा निकाल तिथे मार्कांत दिसतो. बीएच्या वर्गात सर चांगले असले काय नि नसले काय, गुणपत्रिकेत फरक दिसतो कुठे?

खडूफळा

@मांजरा_काठची, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. यात भर घालतो. २०१८ च्या नियमांत बढतीसाठी अध्यापन कसं मोजतात माहीत आहे? नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले. ८० टक्के किंवा जास्त असतील तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक'. तासात काय शिकवलं, मुलांना काय कळलं, हे त्या तक्त्यात नाही. उलट संशोधनाचं माप बारीक. मान्य नियतकालिकातल्या निबंधाला विज्ञानात ८, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १० गुण. आपल्या हाताखाली एकाची पीएचडी पूर्ण झाली की १०. थेट भरतीने प्राध्यापक व्हायचं तर असे १२० जमवायचे. जे मापलंच जात नाही ते मुलांपर्यंत पोचणार कसं?

शेवटचा_बाक

विद्यार्थी म्हणून बोलू का? टीवायला आहे, पुण्याजवळच्या कॉलेजात.

एफवायला प्रवेश घेताना कुणाला काही माहीत नसतं. ज्या सिनियरचा नंबर मिळतो तो सांगेल ते. पण एकदा आत आलं की सगळं माहीत होतं. स्पेशल कुठला घ्यायचा हे आम्ही सरांवरून ठरवलं. माझा विचार राज्यशास्त्राचा होता. पण एसवायला इतिहासाच्या मॅडमनी गावचा फेरफार उतारा वर्गात वाचायला दिला. कुणाची जमीन कुणाकडे कशी गेली, कुळ कोण, वारस कोण. दोन तास कसे गेले कळलं नाही. आमच्या बॅचमधून इतिहासाला जेवढी मुलं गेली तेवढी आधी जात नव्हती, असं ऑफिसातले काका म्हणाले.

त्या मॅडम असिस्टंट आहेत की असोसिएट, खरंच माहीत नाही. पीएचडी आहे, कारण दारावर 'डॉ.' लिहिलंय.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओपन इलेक्टिव्हचं, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या विषयाचं, मात्र वेगळं आहे. तिथे मार्क कोण सढळ देतं त्यावर गर्दी. खोटं कशाला बोला.

पेन्शनर_मास्तर

बाळा, मार्क सढळ देणाऱ्याकडे गर्दी ही नव्या धोरणाची देणगी नव्हे. फार जुनी परंपरा आहे. फेरफार उताऱ्याचं वाचून बरं वाटलं.

संदर्भसूची

इतका वेळ सगळे पदवीच्या प्रवेशाबद्दल बोलताहेत. पीएचडीच्या पातळीवर या धाग्याचं उत्तर स्वच्छ 'हो' आहे, आणि तेही आकड्यांत.

यूजीसीच्या नियमाप्रमाणे एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ संशोधक विद्यार्थी असू शकतात. म्हणजे सरांचं प्रमोशन झालं की त्याच दिवशी दोन जागा वाढल्या. आमच्या केंद्रात गाइडच्या बढतीची फाइल सहसंचालक कार्यालयात अडकली होती आणि आम्ही तिघं पेट (पीएचडीची प्रवेशपरीक्षा) पास होऊन तिच्याकडे डोळे लावून बसलो होतो. सरांपेक्षा आम्हालाच जास्त घाई. त्यांच्या घरच्यांनीही एवढी चौकशी केली नसेल.

आणखी एक. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर गाइडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आमच्याकडच्या एका विषयात ज्येष्ठ सगळे एकदम त्या टप्प्यात आले, मधल्या काळात भरतीच नाही, आणि खाली सगळे सीएचबी. सीएचबीवाल्याला गाइडशिप मिळत नाही, तो कायम नाही म्हणून. मुलं पेट पास होतात आणि त्या विषयाच्या यादीत जागा शून्य. ती मग दुसऱ्या विद्यापीठात जातात किंवा सोडून देतात. इथे पात्रता, बढती आणि प्रवेश यांचा धागा सरळसरळ जुळलेला दिसतो.

बापट_वाडा

मुंबईची यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, हे याचं जुनं उदाहरण. मनमोहन शर्मा केंब्रिजहून पीएचडी करून आले आणि १९६४ साली सत्ताविसाव्या वर्षी तिथे थेट प्राध्यापक झाले. पुढे १९९० मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीवरही निवडले गेले. त्यांच्याकडे संशोधन करायला मुलं धडपडायची. मान्य की पदवीला येणारा मुलगा बहुधा नोकरीच बघून यायचा. पण ती नोकरी देणारे कारखानदार त्याच प्राध्यापकांकडे सल्ल्याला येत, हे विसरून चालणार नाही. शिक्षकाची पत आधी उद्योगात गेली आणि तिथून फिरून प्रवेशाच्या रांगेत आली.

रेवतीची_आई

@बापट_वाडा, हे पटलं. म्हणजे मी जो 'प्लेसमेंट'चा रकाना भरला त्यातच शिक्षक लपलेला होता म्हणायचा. निदान काही ठिकाणी तरी.

ट्रेंट_काठचा

इंग्लंडमधून. इथेही सतरा-अठरा वर्षांचं पोर प्राध्यापकाची पदवी बघत नाही. ते क्रमवारी बघतं, शहर बघतं, मित्र कुठे चाललेत ते बघतं. फरक इतकाच की शेवटच्या वर्षाच्या मुलांचं देशभर सर्वेक्षण होतं, २००५ पासून, आणि शिकवणं कसं होतं याचे आकडे विषयवार जाहीर होतात. त्यालाही लोक नावं ठेवतात, मुलांना खूश ठेवायची स्पर्धा लागते म्हणून. आपल्याकडे फीडबॅक फॉर्म भरून घेतात तो जातो कुठे?

शेवटचा_बाक

@ट्रेंट_काठचा, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या फाइलीत.

सरळ_प्रश्न

मग पात्रता काढूनच टाका की. मुलं बघत नाहीत, बापाला कळत नाही, शिकवण्याशी संबंध नाही. बारावी पास माणूस उभा करा फळ्यासमोर. एवढा खर्च कशाला?

संदर्भसूची

@सरळ_प्रश्न, मुलं थेट बघत नाहीत म्हणजे पोचतच नाही असं नाही. नॅकच्या सात निकषांपैकी अध्यापनाच्या निकषात किती शिक्षक कायम आणि किती पीएचडीधारक हे येतं. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीत, कॉलेजांसाठी अध्यापन-संसाधनांना ४० टक्के वजन आहे, त्यात शिक्षकांची पीएचडी आणि अनुभव यांचा वेगळा उपघटक. नॅकची श्रेणी मात्र पालक बरोबर विचारतात. 'ए प्लस आहे ना?' हा प्रश्न खडूफळा यांनीही ऐकला असेल. त्या 'ए प्लस'मध्ये तासिकावाल्यांची पीएचडी विरघळलेली असते. फक्त नाव राहत नाही.

खडूफळा

ऐकलाय, मान्य.

आता माझं मत सांगतो, कारण धागा वाचता वाचता ते पक्कं झालं. आमच्यासारख्या कॉलेजात पात्रता-बढती आणि प्रवेश यांचं नातं आहे, पण ते उलट्या दिशेने चालतं. मुलांच्या संख्येवर तुकड्या, तुकड्यांवर कार्यभार, कार्यभारावर पदं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन दाखवावं लागतं. वर्गच भरला नाही तर तास कुठून आणणार? विषयाला मुलं कमी झाली की निवृत्त झालेल्याची जागा पुन्हा भरायला मंजुरी मिळणं अवघड, उरलेला अतिरिक्त ठरायची भीती.

म्हणून मे महिन्यात काय होतं ते सांगतो. आमच्यातले एक सहयोगी प्राध्यापक, लेव्हल १३ए, सातव्या वेतन आयोगात ज्याची सुरुवातच १,३१,४०० पासून होते, ते मोटरसायकलवर डोक्याला टॉवेल गुंडाळून वाडीवस्तीवर बारावी पास मुलांच्या याद्या घेऊन फिरतात. डिकीत कॉलेजची पत्रकं. प्रत्येकाला गावं वाटून दिलेली असतात आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर किती घरं झाली ते टाकायचं. ज्या घरी जातो तिथे चहा होतो, बाप म्हणतो, "सर स्वतः आलात, आता तुमच्याकडेच टाकतो." त्या बापावर परिणाम होतो तो सर दारात आले याचा. त्यांचे शोधनिबंध किती आणि लेव्हल कुठली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

यात वाईट काय तर हेच दिवस निबंध लिहायचे, वाचायचे, पुढच्या वर्षीची तयारी करायचे असतात. आणि ज्याचं प्रमोशन झालंय तो जात नाही म्हणाला तर बाकीचे त्याला खातात. मला वाटतं फ्लेक्सवर पीएचडीचे आकडे टाकण्यापेक्षा त्या इतिहासाच्या मॅडमसारखा एक तास बारावीच्या मुलांना मार्चमध्ये बोलावून द्यावा. पुढच्या बैठकीत मांडणार आहे. पडेल बहुधा.

तासिकावाला

मांडाच. तास घ्यायला मी येतो. त्या तासाचं बिल निघेल का तेवढं बघा.

मांजरा_काठची

+१. आणि त्या तासाचा फोटो फ्लेक्सवर टाका, लातूर स्टाईल.

रेवतीची_आई

अवांतर, पण कामाचं. माझ्या भाचीला एमए अर्थशास्त्र करून पुढे पीएचडी करायची आहे. कॉलेज निवडताना तिने शिक्षकांबद्दल नेमकं काय विचारावं? वेबसाइटवर माझा विश्वास उडाला आहे.

संदर्भसूची

@रेवतीची_आई, विभागात स्वतः जायला सांगा, प्रवेश सुरू व्हायच्या आधी. सूचनाफलकावर चालू वर्षाचं वेळापत्रक लावलेलं असतं. त्यात कुठल्या विषयापुढे कुणाच्या नावाची आद्याक्षरं आहेत ते पाहायचं आणि कार्यालयात विचारायचं की यातले कायम किती, सीएचबी किती. दुसरं, मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोण आणि त्यांची निवृत्ती कधी. एमएला दोन वर्षं, पेटला पुढचे काही महिने, एवढं धरून हिशेब करायचा. आज रिकामी दिसणारी जागा तेव्हा नसू शकते. तिसरं, सध्याच्या एमए भाग दोनच्या मुलांशी बोलायचं, विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये नाही, बाहेर चहाच्या टपरीवर.

तासिकावाला

यात एक भर. सीएचबी म्हणून नाव खोडू नका. फक्त ते पुढच्या वर्षी असतील का, हे त्यांनाच विचारा. आम्ही खरं सांगतो, आम्हालाच माहीत नसतं.

रेवतीची_आई

दोघांचेही आभार. तिला लिंक पाठवली आहे. सोमवारी जाऊन येतो, मग कळवते.